१६ महिने झाले, दात तीनच आणि तेही उलटसुलट क्रमाने, कुणाच्या बाळाचं असं झालंय का?

चिमणीची आई:
नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी आता १६ महिन्यांची आहे आणि तोंडात मोजून तीन दात. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकही नव्हता, रोज सकाळी हात धुवून तिच्या हिरडीवरून बोट फिरवायचे आणि काही म्हणजे काही लागायचं नाही. वाढदिवस झाल्यावर आठवडाभरात खालचा पुढचा डावा आला, घरात सगळे नाचले, म्हटलं आता शेजारचा येईलच चार-आठ दिवसांत, जोडीनेच येतात ना. तो अजून आलेला नाही. चार महिने होत आले! त्यात मागच्या महिन्यात वर दोन आले तर ते मधले नाहीतच, मधली जागा रिकामी आणि दोन्ही बाजूंना एकेक, हसली की सुळेच आल्यासारखे दिसतात.

मला उशिरापेक्षा जास्त भीती त्या न आलेल्या उजव्या दाताची वाटतेय. तो आत आहे तरी का? नसेलच तर? भेटेल तो म्हणतो कॅल्शियम कमी असेल, ड्रॉप चालू कर. आणि घरात एकदा कुणीतरी म्हणून गेलं की आईचं दूध पुरलं नाही म्हणून झालं, ते तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. नात्यातल्या एका ११ महिन्यांच्या बाळाला आठ दात आहेत, ते बाळ समोर आलं की मी नुसती त्याच्या तोंडाकडे बघत बसते.

बाकी ती छान आहे, चालते, दोन-तीन शब्द बोलते, वजन ठीक आहे. जन्म थोडा आधीचा, ३४ व्या आठवड्यातला. खायला सगळं एकदम बारीक करून देते, दातच नाहीत तर चावणार कशाने, आणि घशात अडकलं तर काय ही भीती. लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं तर "येतील" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. कुणाचा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

जुळ्यांचा बाबा:
ताई, आधी ते दुधाचं डोक्यातून काढून टाका. आमच्याकडे जुळे, एक मुलगा एक मुलगी, एकच गर्भारपण, एकच आई, एकच घर, दूध जे एकाला तेच दुसऱ्याला, आणि मुलाला पहिला दात पाचव्या महिन्यात तर मुलीला तेराव्या महिन्यात. आठ महिन्यांचा फरक! दुधामुळे असतं तर दोघांना सारखंच झालं असतं ना. तेव्हा मी पण खूप धास्तावलो होतो, मुलाला खळखळून हसताना बघितलं की मुलीचं वाईट वाटायचं, असं वाटायला नको पण वाटायचं. मग एकदा सासूबाईंनी बायकोचा लहानपणीचा फोटो काढून दाखवला, चांगली सव्वा वर्षाची असेल, उभी आहे, तोंड उघडं आणि आत एकच दात. आमच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं की उशिराचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे घराणं. तुमच्या आईला आणि मिस्टरांच्या आईला नक्की विचारा. आमचे दोघे आता ४ वर्षांचे आहेत, दोघांचे वीसच्या वीस दात आहेत आणि कुणाचे आधी आले हे बघून कुणालाच सांगता येणार नाही.

बालदंतचिकित्सक ताई:
मी लहान मुलांचीच डेंटिस्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. इथे वाचून तपासणी होत नाही, पण बरीचशी भीती नक्की कमी होऊ शकते.

तुम्ही जाताजाता लिहिलंत की जन्म ३४ व्या आठवड्यात झाला, मला तीच सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटली. ४० आठवड्यांच्या हिशोबाने ती सहा आठवडे लवकर आली, म्हणजे दातांच्या बाबतीत तिचं वय दीड महिन्याने कमी धरायचं. पहिला दात १२ महिन्यांना नाही, साडेदहा महिन्यांना आला असं समजा. पहिला दात सरासरी सहाव्या महिन्यात येतो पण ४ ते १२ महिने हे सगळं नॉर्मल, १३ पर्यंतही आम्ही लगेच घाबरत नाही. म्हणजे पहिला दात "उशिरा" आलेलाच नाही.

आता क्रम. पुस्तकात आधी खालचे मधले दोन, मग वरचे मधले, मग बाजूचे, मग पहिल्या दाढा, त्यानंतर सुळे आणि शेवटी दुसऱ्या दाढा. (दाढा सुळ्यांच्या आधी येतात, त्यामुळे पुढे मध्ये एक मोकळी जागा दिसेल, तेव्हा परत घाबरू नका.) पण बरीच बाळं हे पुस्तक पाळत नाहीत. वरचे बाजूचे आधी आणि मधले मागून, हे मी नेहमी बघते.

डावा आला आणि उजवा नाही, यात काही महिन्यांचा फरक चालतो. आम्ही साधारण सहा महिने धरतो. त्याच्या पुढे गेलं तर मग दात आत आहे की नाही हे बघायला छोटा एक्स-रे काढायचा विचार करतो. तुमचे चार झालेत, म्हणजे आज एक्स-रेची घाई नाही.

कॅल्शियमबद्दल स्पष्टच सांगते. दुधाच्या दातांची सुरुवात पोटात सहाव्या आठवड्याच्या आसपास होते, चौथ्या महिन्यापासून ते कडक व्हायला लागतात आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत वीसही दातांचा वरचा भाग आत तयार झालेला असतो. आता ड्रॉप दिल्याने दात बनणार नाही आणि लवकर वरही येणार नाही. व्हिटॅमिन डी डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच द्या, स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका, ते जास्त झालं तर त्रास होतो.

मी काळजी कधी करते? १८ महिने झाले आणि एकही दात नाही. किंवा दातांसोबत बाकी काही जाणवतंय, म्हणजे केस फार विरळ, घामच येत नाही आणि अंग तापतं, आलेले दात सुईसारखे टोकदार, हे सगळं एकत्र असेल तर. किंवा उंची-वजन अडलंय, सतत बद्धकोष्ठता, बाळ सुस्त, तेव्हा थायरॉईड बघतात. मनगटं जाड, पाय वाकलेले, टाळू भरायला उशीर, तेव्हा मुडदूस आहे का बघतात. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात यातलं काहीच दिसत नाही. तरी एकदा दाखवून या, पहिली तपासणी खरं तर पहिला दात आला की किंवा वर्षाच्या आत व्हायला हवी, आणि तुम्हाला शांत झोप लागावी हेही कारण पुरेसं आहे.

आणि हिरडी बधिर करणारं जेल लावत असाल तर आजच बंद करा.

चिमणीची आई:
डॉक्टर ताई, वाचताना रडूच आलं, इतकं नीट आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. दीड महिना वजा करायचा हे मला माहीतच नव्हतं. पण ते जेल, मी दोन-तीनदा लावलंय, दोन महिन्यांपूर्वी, रात्रभर रडत होती म्हणून. काही झालं असेल का तिला?

बालदंतचिकित्सक ताई:
नाही, निश्चिंत राहा. बेंझोकेन असलेल्या जेलने क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची क्षमता एकदम कमी होते, पण ते लावल्यावर मिनिटांत किंवा एक-दोन तासांतच दिसतं, ओठ-नखं निळसर पडतात, श्वास वाढतो. दोन महिन्यांनी काही होत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना हे वापरू नका असं सांगितलं. तसंही लाळेसोबत ते लगेच निघून जातं, उपयोग काहीच नाही. स्वच्छ ओलं फडकं फ्रीजमध्ये गार करून चावायला द्या, गोठवून नको, किंवा बोटाने हिरडी हलकी दाबा. गळ्यात घालायच्या दात येण्याच्या माळा मात्र अजिबात नको, गळ्याला फास बसतो, मणी सुटून घशात जातो.

अडीच वर्षांच्या लेकाची आई:
अगं, एकदम बारीक करून देणं आता हळूहळू थांबव, मी हीच चूक केली आणि नंतर फार जड गेलं. पुढच्या दातांनी आपण फक्त तोडतो, चावतो दाढांनी, आणि दाढा तर बहुतेक बाळांना सव्वा-दीड वर्षाच्या आसपास येतात, म्हणजे तोपर्यंत सगळीच बाळं हिरडीनेच चावतात. त्या हिरड्या किती कडक असतात ते बोट घालशील तेव्हा कळेलच. मला सांगितलेली खूण अशी की घास अंगठा आणि बोटात दाबून बघायचा, सहज चेचला गेला तर तिच्या हिरडीलाही जमेल. कडक, गोल, गुळगुळीत असं काही द्यायचं नाही, आणि बसवूनच भरवायचं, आपण समोर. माझ्या लेकाला मी दातांची वाट बघत सव्वा वर्षापर्यंत नुसतं पातळ दिलं आणि मग जरा कण लागला की तो ओकारी काढायचा, पुढे चार-पाच महिने गेले सवय लावायला.

आणि दुसरं, हे मी जिथे दातांचा विषय निघेल तिथे सांगते. त्याला १०२ ताप होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की दातांचाच आहे, खालची हिरडी सुजलेली होतीच. दोन दिवस तसेच काढले. तिसऱ्या दिवशी नेलं तर लघवीचं इन्फेक्शन निघालं. अजूनही ते दोन दिवस आठवले की घशाशी येतं. दात येताना लाळ, चिडचिड, अंग किंचित कोमट, इतकंच. १००.४ च्या वर ताप, जुलाब, खाणंपिणं पूर्ण बंद, हे दातांवर ढकलायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

एक दात कमी असलेल्या मुलीची आई:
सगळ्यांनी छान लिहिलंय आणि तुमचा दात येईलच असं मलाही वाटतं. पण "आणि नसेलच तर" हे तुम्ही विचारलंत त्याला कुणी उत्तर दिलं नाही, मला त्या वेळी कुणीच दिलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

माझ्या मुलीचा खालचा बाजूचा एक दात आलाच नाही. दोन वर्षं सगळे येईल येईल म्हणत राहिले. तीन वर्षांची झाल्यावर एक्स-रे काढला, दात नव्हताच, आणि त्याच्या खालचा कायमचाही नाही. दुधाचा नसला तर खालचाही बहुतेकदा नसतो असं सांगितलं. दुधाचा दात मुळातच नसणं फार कमी मुलांमध्ये असतं, पण ज्याच्या घरी असतं त्याच्या घरी असतंच ना. मी घरी येऊन फार रडले, गरोदरपणात माझं काय चुकलं हे शोधत बसले. डॉक्टरांनी परत बोलावून सांगितलं की हे बऱ्याचदा जनुकांमधूनच येतं, तुम्ही काही खाल्लं किंवा खाल्लं नाही म्हणून झालेलं नाही. नंतर कळलं की नवऱ्याच्या आत्यालाही तसंच आहे, ती पन्नाशीला आली तरी कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

ती आता ७ वर्षांची आहे. सगळं चावून खाते, बोलणं स्वच्छ आहे. दरवर्षी तपासतो, जागा ठेवायची की बाकीचे दात सरकवून बंद करायची ते पुढे कायमचे दात आल्यावर ठरेल. आधी कळल्यामुळे तयारीला वेळ मिळाला, इतकाच त्या एक्स-रेचा फायदा. दात नसणं मी समजत होते तेवढं मोठं नाहीये, वाट बघणं जास्त मोठं होतं.

चिमणीची आई:
तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. जाऊन आलो. डॉक्टर आणि मी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसलो, तिचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर, दोन मिनिटांत झालं, रडली पण मी वर दिसत होते म्हणून लगेच थांबली. वरच्या मधल्या जागी निळसर फुगा आला होता, मी तर घाबरूनच गेले होते, पण म्हणाल्या की दात वर येताना त्याच्याभोवती रक्त-पाणी साठतं, आपोआप फुटतं, टोचायचं नाही. खरंच चार दिवसांनी फुटला आणि आत पांढरी कड दिसतेय. खालचा उजवा अजून नाही, पण हिरडी तिथे फुगीर लागते म्हणाल्या. दोन महिन्यांनी बोलावलंय, तेव्हाही नसेल तर एक्स-रे.

सासूबाईंना विचारलं, तर ह्यांना पहिला दात १४ व्या महिन्यात आला होता. त्या स्वतःच म्हणाल्या, विसरलेच होते मी. दुधाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

ब्रश मात्र मी करतच नव्हते, तीनच दात म्हणून. आता मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराईडची पेस्ट, सकाळी आणि झोपताना. आणि घास बोटात दाबून देते, खातेय!

एक दात कमीवाल्या ताई, तुमचं लिहिलेलं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. एक विचारायचं होतं, एक्स-रेला मुलीला मांडीवर घेऊ देतात का, की एकटीला बसवतात?

एक दात कमी असलेल्या मुलीची आई:
मांडीवरच घेतलं होतं मी, दोघींना जाड एप्रन घातला. फिल्म अगदी छोटी असते. आधी दोन दिवस घरी चमचा तसा दातांमध्ये धरायचा खेळ खेळा, आम्हाला त्याचा खूप उपयोग झाला. जाऊन आलात की कळवा.