लंडन–एडिनबरा: विमानाऐवजी लुमो (अनुभव धागा)

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिनबरापर्यंत धावणारी लुमो कंपनीची रेल्वेगाडी 25 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाली. अंतर 632 किलोमीटर, वेळ साधारण साडेचार तास. गाडी पूर्ण विजेवर चालते आणि डबे सगळे एकाच वर्गाचे. सुरुवातीपासून या गाडीची स्पर्धा आहे ती विमानाशी. इकडे नव्याने आलेले, मुलांना घेऊन सुट्टीला निघालेले आणि भारतातून आई-बाबा येणार असलेले असे बरेच जण सारखं विचारतात की स्वस्त तिकीट दिसतंय, घ्यावं का? ज्यांना या मार्गाची नीट माहिती आहे त्यांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन नको. काय करावं, कुठे अडतं आणि का अडतं, एवढंच हवं.

हर्टफर्डशायरकर

आधी वेळेचा हिशोब, कारण विमान सव्वा तासाचं आणि गाडी साडेचार तासांची या तुलनेतच लोक फसतात. मध्य लंडनहून हीथ्रोला पिकॅडिली लाइनने जवळजवळ तास लागतो. सुरक्षा तपासणी आणि गेट धरून दीड तास आधी पोचायचं. उड्डाण सव्वा तासाचं, उतरून बाहेर यायला वीस-पंचवीस मिनिटं, तिथून ट्रामने शहरात अर्धा तास. बेरीज साडेचार तासांच्या पुढे जाते, आणि त्यात सलग बसायला मिळतो तो जेमतेम तासभर. वेव्हर्ली स्टेशन मात्र एडिनबराच्या ऐन मध्यात आहे, जुनं शहर आणि नवं शहर यांच्यामधल्या खोलगट भागात. मार्केट स्ट्रीटच्या दाराने बाहेर पडलं की जुन्या शहरात, वेव्हर्ली स्टेप्सने वर आलं की थेट प्रिन्सेस स्ट्रीटवर.

आता पैशांचा. विमानाच्या तिकिटाला विमानतळापर्यंतचं भाडं आणि सामानाचे पैसे जोडल्याशिवाय तुलना करू नका. ईझीजेटमध्ये फुकट जाते ती 45 × 36 × 20 सेंटिमीटरची, सीटखाली बसणारी पिशवी. चौघांचं कुटुंब असेल तर फरक तिथेच पडतो.

देशांतर्गत विमान प्रवासावरचा कर 1 एप्रिल 2023 पासून 13 पौंडांवरून साडेसहा पौंडांवर आणला होता. रेल्वे विजेवर चालवायची आणि त्याच मार्गावरचं उड्डाण स्वस्त करायचं, हे धोरण मला चुकीचंच वाटतं. तरीही हिशोब बहुतेक वेळा गाडीच्या बाजूने लागतो.

तिकीटघर

तिकिटाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात.

स्वस्त तिकीट म्हणजे ॲडव्हान्स. प्रत्येक गाडीत वेगवेगळ्या दराच्या ठराविक सीटा असतात. एक टप्पा संपला की पुढचा महाग टप्पा उघडतो. त्यामुळे 'मंगळवारी रात्री स्वस्त मिळतं' वगैरे काही नसतं. सीटा किती उरल्यात त्यावर सगळं ठरतं. तिघांचं तिकीट एकत्र शोधलं आणि खालच्या टप्प्यात दोनच सीटा उरल्या असतील, तर अनेकदा तिघांनाही वरचा दर लागतो. म्हणून आधी एकाचा दर पाहा, मग सगळ्यांचा. फरक दिसला तर वेगवेगळी तिकिटं काढा, फक्त सीटा शेजारी मिळतीलच असं नाही.

ॲडव्हान्स तिकीट त्याच तारखेला, त्याच गाडीला चालतं. रद्द करून पैसे परत मिळत नाहीत. बदल करायचा तर गाडी सुटायच्या आधी. आपल्याकडच्यासारखी वेटिंग लिस्ट किंवा आरएसी इथे नाही, तात्काळही नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो कंपनीचा. किंग्ज क्रॉसहून एडिनबराला एलएनईआर या दुसऱ्या कंपनीच्या गाड्याही जातात, त्याच रुळांवरून आणि दिसायलाही बऱ्याच सारख्या. पण 'फक्त एलएनईआर' असं छापलेलं तिकीट लुमोत चालत नाही, आणि लुमोचं ॲडव्हान्स एलएनईआरमध्ये चालत नाही. एलएनईआरने फेब्रुवारी 2024 मध्ये या मार्गावरची ऑफ-पीक (गर्दी नसलेल्या वेळेची) तिकिटं काढून टाकली आणि ठरलेल्या गाडीच्या 70 मिनिटं आधी-नंतरची गाडी धरता येईल असं एक तिकीट आणलं. ते फक्त त्यांच्याच गाड्यांना लागू आहे. चुकीच्या गाडीत बसलात तर नवं तिकीट काढावं लागतं, आणि तेव्हाचा दर चांगलाच बसतो.

रेलकार्ड घ्याच. बहुतेक कार्डं 35 पौंडांना वर्षभर चालतात आणि एक तृतीयांश सूट देतात. फॅमिली अँड फ्रेंड्स कार्डावर मोठ्यांना एक तृतीयांश आणि 5 ते 15 वयाच्या मुलांना 60 टक्के सूट मिळते, मात्र सोबत निदान एक मूल हवं. टू टुगेदर कार्डावर दोघांची नावं आणि फोटो असतात. दोघांनी एकत्रच प्रवास करायचा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. सकाळची पहिली गाडी धरायची असेल तर हे कार्ड उपयोगाचं नाही, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

न्यूकॅसलहून

वरच्या प्रतिसादात भर: भारतातून आलेल्या साठीपुढच्या आई-बाबांना सीनियर रेलकार्ड काढता येतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, इथलं नागरिकत्व लागत नाही. फोनवर काढलं तर लगेच वापरता येतं.

गुडघे दुखत असतील, स्टेशनात फार चालवत नसेल, तर पॅसेंजर असिस्ट मागवा. फुकट आहे. प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत नोंदवता येतं, तरी आदल्या दिवशी नोंदवलेलं बरं. गाडीत चढवून सीटवर बसवून देतात आणि उतरायच्या स्टेशनावर माणूस न्यायला येतो. संकोच करू नका, ती सेवा त्यासाठीच आहे.

केबिनबॅग

सामानावर वेगळं लिहायला हवं. मुंबईहून हीथ्रोला उतरणाऱ्या माणसाकडे 23 किलोच्या दोन बॅगा असतात. त्या घेऊन थेट लुमोत चढायचा बेत करू नका. डब्याच्या टोकाशी सामानाची जागा मोजकी असते, बाकी सगळं डोक्यावरच्या फळीवर. तिकीट काढण्याआधी लुमोचे सामानाचे नियम वाचा. जड बॅगा लंडनमध्येच ठेवता आल्या तर सर्वांत उत्तम.

फळीवर काय ठेवता यालाही महत्त्व आहे. 17 एप्रिल 2022 ला न्यूकॅसलहून लंडनला येणारी लुमो पीटरबराजवळ स्पिटल जंक्शनला रूळ बदलायच्या सांध्यांवरून ताशी 76 मैलांनी गेली. तिथली मर्यादा आधी 30 आणि पुढे 25 मैल. गाडी रुळावरून घसरली नाही, पण डबे आडवे हिसकले, काही प्रवासी सीटवरून फेकले गेले आणि फळीवरच्या बॅगा खाली आल्या. काहींना किरकोळ दुखापत झाली. अपघात चौकशी विभागाच्या अहवालात हे सगळं नोंदलेलं आहे. तेव्हा कडक कवचाची सूटकेस वर नको, खाली ठेवा. वर मऊ पिशव्या, जॅकेटं. स्टीलचा डबा, पाण्याची बाटली पिशवीत तळाशी.

आणि विमानातून उतरून लगेचची गाडी ठरवली असेल तर ध्यानात घ्या: विमानाला उशीर झाल्यामुळे ॲडव्हान्स गाडी चुकली तर ती जबाबदारी रेल्वेची नाही. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत निदान साडेतीन-चार तास ठेवा. इमिग्रेशनची रांग किती लांब असेल ते कोणीच सांगू शकत नाही.

ओव्हरहेड वायर

गाडीच्या यंत्राबद्दल. लुमोकडे हिताचीच्या पाच गाड्या आहेत, क्लास 803, प्रत्येकी पाच डब्यांच्या, कौंटी डरहॅममधल्या न्यूटन एक्लिफच्या कारखान्यात जोडलेल्या. वेग ताशी 125 मैल, म्हणजे 200 किलोमीटर. वरच्या तारेत 25 किलोव्होल्ट एसी, आपल्या मध्य, पश्चिम आणि कोकण रेल्वेवर आहे तेवढाच. एलएनईआरच्या क्लास 801 मध्ये अडीअडचणीसाठी एक डिझेल इंजिन असतं. 803 मध्ये डिझेल अजिबात नाही, त्याऐवजी बॅटऱ्या आहेत. त्या गाडी ओढत नाहीत. तारेतली वीज गेली तर दिवे, हवा आणि स्वच्छतागृहं यांच्यापुरत्या त्या असतात. म्हणजे गाडी जागच्या जागी थांबेल, पण आतली माणसं अंधारात आणि कोंडलेल्या हवेत बसणार नाहीत.

आणि तार इथे जातेच. या मार्गाचं विद्युतीकरण 1991 मध्ये एडिनबरापर्यंत पोचलं आणि ते काटकसरीने केलेलं होतं. चार मार्ग असलेल्या पट्ट्यात दोन बाजूंना उंच खांब, त्यांच्यामध्ये आडव्या ताणलेल्या तारा आणि त्या आडव्या तारांनाच चारही मार्गांच्या ओव्हरहेड वायर टांगलेल्या. भक्कम लोखंडी कमान असती तर प्रत्येक मार्गाची तार स्वतंत्र राहिली असती. इथे एका मार्गावर पेंटोग्राफ (गाडीच्या छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) अडकून तार ओढली गेली की आडवं जाळंच सैल पडतं आणि चारही मार्ग बंद होतात. वाऱ्याच्या दिवसांत हे जास्त घडतं. वादळाचा इशारा असेल तर आदल्या संध्याकाळीच सूचना पाहा. अशा वेळी जुनी तिकिटं दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चालवण्याची मुभा बरेचदा जाहीर होते. ती जाहीर झाल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तिकीट तपासनिसाला दाखवायला सोपं जातं.

हर्टफर्डशायरकर

वरचा प्रतिसाद फार उपयोगाचा. त्याला जोडून मेगाब्लॉकचं सांगतो. इथलाही मेगाब्लॉक रविवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत असतो, विशेषतः नाताळ आणि ईस्टरला. लुमोला डिझेल नसल्याने गाडी वळवायला मार्ग फार कमी उरतात. वेल्विनजवळ काम असेल तर हर्टफर्ड लूपवरून वळवता येते, कारण तिथे तार आहे. पीटरबरा ते डॉनकास्टरमध्ये काम असेल तर वीज आणि डिझेल दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या लिंकनवरून फिरून जातात. त्या मार्गावर तार नाही, त्यामुळे लुमो जाऊ शकत नाही. न्यूकॅसलहून कार्लाइलकडे वळवायच्या मार्गावरही तार नाही. अशा दिवशी लुमोची गाडी रद्द, आणि एलएनईआरची उशिरा का होईना, पोचते. गाडी पाचच संचांवर चालते, त्यामुळे एक संच बिघडला तरी बदली गाडी उभी नसते. परतीचा प्रवास रविवारी रात्री आणि सोमवारी सकाळी कामावर हजर राहायचंच असेल, तर मी रविवारी दुपारची गाडी सुचवेन.

आणखी एक. वेल्विनच्या उंच पुलावर चार मार्गांचे दोन होतात. या मार्गावर आणखी गाड्या का वाढवत नाहीत, याचं मोठं उत्तर तो पूल आहे.

तिकीटघर

उशीर झाला तर भरपाईचा अर्ज 28 दिवसांच्या आत करा. तिकिटाचा बारकोड आणि गाडी प्रत्यक्ष पोचल्याची वेळ जवळ ठेवा. अर्ज ज्या कंपनीच्या गाडीमुळे उशीर झाला तिच्याकडे करायचा, तिकीट विकणाऱ्या ॲपकडे नाही. गाडीच रद्द झाली आणि प्रवास केलाच नाही, तर मात्र पूर्ण परतावा मिळतो आणि तो जिथून तिकीट काढलं तिथेच मागायचा. हे दोन वेगळे अर्ज आहेत, त्यांची गल्लत करू नका.

टाइनकाठ

ज्यांना खिडकीची आवड आहे त्यांच्यासाठी: उत्तरेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी घ्या. डरहॅमच्या उंच पुलावरून कॅथीड्रल उजवीकडे दिसतं. न्यूकॅसलला टाइन ओलांडताना बाकीचे पूल उजवीकडे एकामागे एक उभे असतात. आणि आल्नमथपासून पुढे समुद्र अगदी जवळ येतो. बेरिकला रॉयल बॉर्डर ब्रिजवर गाडी ट्वीड नदी ओलांडते तेव्हा नदीचं मुख त्याच बाजूला. परत येताना डावी बाजू. मुलं सोबत असतील तर न्यूकॅसलनंतरचा दीड तास फोनशिवाय निघतो.

खाण्याचं: वेगळा डायनिंग कार नाही, ट्रॉली फिरते आणि भरलेल्या गाडीत ती पोचायला वेळ लागतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सर्वांत बरी, सांडत नाही, वासही फारसा येत नाही. भाजी-पोळी नेत असाल तर रस्सा नको.

वेव्हर्ली

तारखा निवडताना: ऑगस्टमध्ये एडिनबरात फ्रिंज महोत्सव असतो, वर्षअखेरीला हॉगमने (स्कॉटिश नववर्षाचा सण) आणि वसंतात मरेफील्डला रग्बीचे सामने. या दिवसांत खालचे दर लवकर संपतात आणि हॉटेलं तिकिटापेक्षा महाग पडतात. न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबचा घरचा सामना असेल त्या शनिवारी डबे उभ्या माणसांनी भरतात, आरक्षित सीटपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्यामुळे गाडी फलाटाला लागताच चढा. किंग्ज क्रॉसला फलाट नंबर ऐनवेळी लागतो आणि दारं सुटायच्या वेळेआधीच बंद होतात, त्यामुळे वीस मिनिटं आधी पाटीखाली उभं राहणं बरं.

लुमोनेच दिलेल्या आकड्यांनुसार एप्रिल ते ऑगस्ट 2019 मध्ये लंडन–एडिनबरा प्रवासांत रेल्वेचा वाटा 35 टक्के होता, 2022 च्या त्याच महिन्यांत तो 57 टक्के झाला. महासाथीनंतर उड्डाणंही कमी झाली होती, तेव्हा सगळं श्रेय एका गाडीला देऊ नये. पण अनुदान न घेता, जुन्याच रुळांवर, पाच गाड्यांनी लोकांच्या सवयीला धक्का लावला हे खरं.

तिकीट काढण्याआधी त्या तारखेचा मेगाब्लॉक पाहायला मात्र विसरू नका.