शंभरातली २१ घरं
पाढ्यांचा तक्ता भिंतीवर लावून महिना झाला तरी मुलगा तिकडे बघतसुद्धा नाही, असं तुम्ही म्हणताय. अहो, नुसता लावू नका, त्याला स्वतः भरू द्या. माझ्या लेकीला मी चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा रिकामा तक्ता आखून दिला. १, २, ५ आणि १० चे पाढे तिला येतच होते, ते आधी भरले. मग दाखवलं, की ३ × ७ आणि ७ × ३ एकच. १ × १ पासून १० × १० पर्यंत जाणाऱ्या तिरप्या रेघेच्या एका बाजूचं घर भरलं की पलीकडचंही आलंच. शंभरातली पाठ करायची उरली फक्त २१! तिचा चेहराच खुलला.

तिची खरी अडचण निराळीच निघाली. ‘सात साती एकोणपन्नास’ बरोबर म्हणायची आणि लिहायची ५९. म्हणून आता उत्तर म्हणायचं आणि लगेच त्या घरावर बोट ठेवायचं, रोज संध्याकाळी पाचच मिनिटं.

आणि तालात म्हणणं सोडू नका हो. ‘बे एके बे, बे दुणे चार’ जिभेवर बसतं. फक्त मधलंच काही विचारलं की मुलं पहिल्यापासून म्हणत येतात, तिथे हा तक्ता कामी येतो.