चित्र कुणाचं, कागद कसला? तुमचे अनुभव सांगा

कॅनव्हास आणि तैलरंगांवर बोलणारे पुष्कळ भेटतात. पुस्तकांतली चित्रं, कागद कापून-दुमडून केलेलं काम, त्यांची प्रदर्शनं असा विषय निघाला की मात्र "छान आहे, मुलांना आवडेल" इथेच गाडी थांबते. म्हणून हा धागा. आजच्या चित्रकारांची, कागदात काम करणाऱ्यांची ओळख तुम्हाला कशी झाली? नाव कुठून कळलं? काम समोर पाहिलं तेव्हा वेगळं काय दिसलं? पानभर लिहा, दोन ओळी लिहा, नावं ठेवायची असतील तर तीही ठेवा.

सुरुवात मी करतो. फ्रेंच चित्रकार मातीसची कागदी कात्रणं मला आधी पोस्टरवरून माहीत होती. सपाट रंग, गुळगुळीत कडा. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला फार वेळ उभं राहून रंगवणं जमेना, मग मदतनीस कागद गॉशने (अपारदर्शक जलरंगाने) रंगवून द्यायचे आणि हा कात्रीने आकार कापायचा, एवढं वाचलं होतं. प्रत्यक्षात त्या 'सपाट' रंगात ब्रशचे फटकारे दिसतात आणि कडांपाशी टाचण्यांची बारीक भोकं. आकार भिंतीवर टाचायचा, काढायचा, बोटभर सरकवून परत टाचायचा, त्याच्या त्या खुणा. १९५३ ची 'गोगलगाय' दोन्ही बाजूंनी पावणेतीन मीटरहून मोठी आहे, हेही पोस्टर सांगत नाही.

वाचनालयात काम करणारी

आमच्याकडे पुस्तकं लेखकाच्या नावाने लागतात, त्यामुळे चित्रकार कपाटात सापडतच नाही. मी उलटीकडून शोधायला लागले. चित्र आवडलं की आधी श्रेयपान उघडायचं. काही प्रकाशक तिथेही हात आखडता घेतात, नाव इतक्या बारीक टायपात की चष्मा पुसावा लागतो. पण एक नाव मिळालं की त्याला मिळालेले पुरस्कार बघायचे आणि पुरस्कारांच्या यादीतून पुढची नावं. बालसाहित्यासाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार चित्रकारांना १९६६ पासून देतात, पहिला स्वित्झर्लंडच्या आलोइस कारिजिएला मिळाला. २०२२ मध्ये तो कोरियाच्या सुझी लीला मिळाला आणि मी तिच्यापर्यंत पोचले. तिच्या काही पुस्तकांत शब्दच नाहीत. दोन पानांच्या मधली शिवण, जिथे चित्र गिळलं जातं म्हणून बाकीचे वैतागतात, तीच ती गोष्टीतली सीमारेषा करून टाकते. हे पुस्तक हातात धरूनच कळतं, पडद्यावर तो खाचाच नसतो.

ज्याच्या नावाचा पुरस्कार, तो परीकथा लिहिणारा अँडरसन स्वतः गोष्ट सांगता सांगता कात्रीने कागदी आकृत्या कापायचा, हे जाता जाता.

आणखी एक वाट म्हणजे इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यातलं चित्रकारांचं प्रदर्शन. १९६७ पासून चालू आहे. चित्रकार पाच चित्रांचा संच पाठवतात, त्यातून निवड होते, आणि नावाजलेल्यांच्या शेजारी अगदी नवखेही लागतात. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाचं, दर दोन वर्षांनी भरणारं बालपुस्तकांच्या चित्रांचं प्रदर्शनही १९६७ चंच. जाणं जमलं नाही तरी दोन्हींच्या निवडयाद्या वाचत बसावं असं मी सगळ्यांना सांगते.

कागद कापणारी

समकालीन म्हणायचं तर हिला अडीचशे वर्षं उशीर झालाय, पण मला या नादाला मेरी डिलेनीने लावलं. इंग्लंडची बाई, १७७२ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, कागदाची फुलं करायला बसली. रंगीत कागदाचे सुटे तुकडे कापून काळ्या कागदावर चिकटवायचे, एका फुलाला कधी कधी शेकडो. दहा वर्षांत जवळजवळ हजार फुलं झाली, मग दृष्टी गेली तेव्हा थांबली. ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुंकेसर बघा, केसाएवढे आहेत. मी अकरा नंबरचं बारीक टोकदार पातं, कटिंग मॅट आणि वर भिंगाचा दिवा एवढा सरंजाम मांडूनही तिच्या जवळपास नाही.

आजच्यांपैकी डेन्मार्कच्या पीटर कॅलेसनचं काम पाहिलंत का? साधा पांढरा ए-फोर कागद. त्यातून आकृती कापून, दुमडून उभी करतो आणि कापलेली जागा मागे तशीच राहते. उभी आकृती आणि तिची पोकळी एकाच कागदावर. कुठून काय कापलंय हे शोधताना मी इतकी वाकले की पहारेकऱ्याला दोनदा खाकरावं लागलं.

यंत्रांच्या वाटेने आलेला

माझा कलेशी संबंध शून्य. कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाने शोधलेली घडी अभ्यासात होती. दोन विरुद्ध कोपरे ओढले की अख्खा कागद एका झटक्यात उघडतो, तसाच मिटतो. १९९५ मध्ये जपानने सोडलेल्या उपग्रहावर सौरपट्टा असाच उलगडला होता. तिथून ओरिगामी, आणि ओरिगामीतून जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा. ओरिगामीच्या पुस्तकांत दिसणाऱ्या तुटक रेघा आणि बाण रुळवण्यात त्याचा मोठा वाटा. शिवाय कागद किंचित ओला करून घडी घालायची रीत त्याची. त्याने प्राण्यांना गोलाई आली, नाहीतर सगळे प्राणी टोकेरी.

प्रदर्शनांना कंटाळलेला

मी विरोधी पक्षात बसतो. कागदी कामाच्या प्रदर्शनात गेलो की दालनात अंधार. चित्रं वहीच्या पानाएवढी, समोर काच, काचेत माझाच चेहरा. बाजूला भिंतीवर माहितीचा फलक, त्यात 'अवकाश', 'अस्मिता', 'संवाद' हे तीन शब्द असतातच, आणि चित्र कशाने काढलंय ते कुठेच नाही. उद्घाटनाच्या दिवशी तर चित्रांकडे पाठ करून फोटो काढणाऱ्यांची गर्दी. यापेक्षा घरी पुस्तक उघडून दिव्याखाली बघितलेलं काय वाईट?

कागद जतन करणारी

अंधाराबद्दल बोलते, फलकांबद्दल तुमच्याशी सहमत. कागदाला प्रकाश सोसत नाही आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. जलरंग आणि शाया उडतात, कागद पिवळा पडतो. म्हणून अशा कामांवर साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) एवढाच मंद प्रकाश ठेवतात, आणि काही महिने मांडून झालं की चित्र बराच काळ अंधारात, पेटीत विसावतं. आज पाहिलेलं चित्र पुढच्या वर्षी त्याच भिंतीवर नसण्याचं कारण तेच. आत आल्या आल्या लगेच बघायला जाऊ नका. दाराशी थोडा वेळ थांबा, डोळे सरावले की निम्मा अंधार जातो. आणि काचेत चेहरा दिसत असेल तर समोरून न बघता जरा तिरकं उभं राहा. कागदाचा पोत आणि चिकटवलेल्या थरांच्या सावल्या तिरक्या नजरेलाच दिसतात.

छपाईवाल्याची मुलगी

बाबांनी आयुष्य छापखान्यात काढलं. त्यांना प्रदर्शनाला नेलं तर खिशातून भिंग निघालं. छापील चित्र असेल तर त्यांना ठिपक्यांची जाळी दिसते, निळा, किरमिजी, पिवळा, काळा. मूळ चित्रात जाळी नाही, तर रंग थेट कागदाच्या तंतूंत मुरलेला. एक छोटं प्रदर्शन रिझोग्राफच्या छपाईचं होतं. त्या यंत्रात एका वेळी एक रंग (किंवा यंत्र मोठं असेल तर दोन) उठतो, कागद परत घालून पुढचा, त्यामुळे रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत, कडेला पांढरी फट राहते. तरुण मंडळी त्या फटीवर खूश होती. बाबा म्हणाले, "आम्ही असा कागद मालकाला दाखवला असता तर त्या दिवसाची मजुरी गेली असती." मग एक प्रत विकत घेतली त्यांनी!

चित्रं काढून पोट भरणारा

वरचं सगळं 'मूळ चित्रा'वर चाललंय, आणि माझ्याकडे मूळ चित्रच नाही. टॅबलेटवर काढतो, फाइल पाठवतो. प्रदर्शनासाठी विचारलं की पहिला प्रश्न हाच, भिंतीवर लावायचं काय? मोठा प्रिंट काढला तर तो चित्राचा फुगवलेला फोटो वाटतो, कारण मी ते पुस्तकाच्या पानाच्या मापाने काढलेलं असतं. शेवटी एका ठिकाणी आम्ही फेटाळलेली रेखाटनं लावली. एकाच पानाच्या आठ-नऊ मांडण्या, संपादकाच्या शेऱ्यांसकट. लोक तिथेच सर्वांत जास्त रेंगाळले. पूर्ण झालेल्या चित्रापाशी कुणी काही विचारत नव्हतं, आणि तिथे मात्र "हा कुत्रा का काढून टाकला?" यावर वाद रंगले. मला विचाराल तर चित्रकाराच्या प्रदर्शनात हेच हवं. मुलांच्या चित्रपुस्तकांच्या एरिक कार्लने आधी रंगवलेल्या तलम टिश्यू कागदांतून कापून चित्रं केली, तेव्हा त्याच्याकडे भिंतीवर लावण्याजोगं काहीतरी होतं. आमच्या पिढीने मसुदे जपून ठेवावेत. मी हल्ली चित्राचे सुटे थर (लेयर) एकत्र करण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला काढतो.

नवीन आलेली

वाचून हात शिवशिवतायत. कागद कापणाऱ्या ताई, सुरुवातीला कागद कोणता घेऊ?

कागद कापणारी

आधी १२० ते १६० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) साधा रंगीत कागद घे. त्याहून पातळ फाटतो, जाड घेतलास तर मनगट दुखेल. आतली भोकं आधी काप, बाहेरची कड सगळ्यांत शेवटी, नाहीतर कागद हातात लुळा पडतो. वळणावर पातं फिरवायचं नाही, कागद फिरवायचा. आणि पात्यांची पुडी घेऊनच बस. पातं बोथट झालं की ते कागद कापत नाही, ओढतं.