भांड्यांना आधी रंग फासून मग चित्र काढणं: मोरांदीची पद्धत योग्य की पळवाट?

उत्तरेचा_उजेड (मूळ धागा)
इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदी (1890–1964) बोलोन्यातल्या राहत्या घरी बाटल्या, बरण्या, डबे मांडून वर्षानुवर्षं तैलचित्रं करत राहिला. कित्येक वस्तूंना तो आधी बिनचकाकीचा रंग द्यायचा, काचेच्या बाटल्यांत आतून रंग ओतायचा, वर साचलेली धूळ तशीच राहू द्यायचा. माझं ठाम मत आहे की स्थिरचित्र (मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र) शिकणाऱ्याने सुरुवात अशीच करावी. चकचकीत भांड्यावरचा हायलाइट (उजेडाचा चमकता ठिपका) डोकं दोन इंच हललं तरी सरकतो. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, भांड्यावर उजेड-सावलीची हद्द जागची हलत नाही, त्यामुळे शेजारच्या दोन टोनमधला (उजळ-गडदपणाच्या पायऱ्यांमधला) फरक निवांत तपासता येतो.

करायचं असं: बाटली साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा, 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये चिमूटभर अंबरची (तपकिरी मातीच्या रंगाची) पूड घालून दोन पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर वाळताना तडकतो आणि पापुद्रे निघतात.

तांबट_आळी
अजिबात पटलं नाही. इटलीतल्या फानोचा चित्रकार कार्लो माजिनी (1720–1806) बघा. तांब्याची भांडी, दिवा, काचेच्या बाटल्या, अंडी, भाजी. त्याच त्या वस्तू त्याच्याही चित्रांत फिरून फिरून येतात, पण तांबं तांबंच राहतं. डिस्टेंपर फासलं की पातेल्यात आणि मडक्यात फरक उरतो तो फक्त आकाराचा.

तांब्यावरून परतणारा उजेड धातूचा रंग घेऊन येतो. तिथे शुद्ध पांढरा ठिपका ठेवला की भांडं प्लास्टिकचं दिसतं. टायटॅनियम व्हाइटमध्ये थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि अगदी नखभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घाला, मग ते धातूचं वाटेल. काचेवरचा हायलाइट मात्र खिडकीच्या उजेडाच्याच रंगाचा. हे रंग फासलेल्या बाटलीवर कुठे शिकणार? डोकं हलण्यावर इलाज आहे: स्टुलाच्या पायांभोवती खडूने खुणा करा आणि भांड्याचा काठ दर वेळी भिंतीवरच्या एकाच खुणेशी जुळवून घ्या.

उत्तरेचा_उजेड
माझं भांडण माजिनीशी नाही, क्रमाशी आहे. पहिल्याच महिन्यात तांब्याचं पातेलं समोर आलं की विद्यार्थी आधी हायलाइट ठोकतो आणि मग गोलाई त्याच्याभोवती कशीबशी बसवतो. भांड्याचं पोट सपाटच राहतं.

राखाडी_छटा
तांबट_आळी यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. मोरांदीच्या वाटेने जाणाऱ्यांची चित्रं बहुतेक वेळा खडूसारखी फिकट होतात. समोर सगळंच पांढुरकं दिसतं म्हणून प्रत्येक मिश्रणात टायटॅनियम पडतो, आणि तो फार जोरकस आहे. छटा उजळते, पण रंग मरतो. आधी पांढऱ्याशिवाय बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरिन (गडद निळा) निम्मेनिम्म घ्या, छटा ऊबदार हवी असेल तर अंबर वाढवा, मग पांढरा कणाकणाने घाला. चित्रातला सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ टोन पहिल्या दहा मिनिटांत कॅनव्हासवर लागलाच पाहिजे, नाहीतर मधल्या छटांना धरायला काही राहत नाही.

शिवाय अंबरचा थर वाळला की तेल खाली ओढलं जाऊन निस्तेज डाग पडतात. त्याला पुन्हा रंग फासून काळं करू नका. जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, लगेच कापडाने पुसून घ्या, खरी छटा दिसेल.

उत्तरेचा_उजेड
खडूसारखं होणं हा दोष मिश्रणाचा, भांड्याचा नव्हे. तरी एक प्रयोग सुचवतो: पाणी प्यायचे सारखेच दोन तांबे घ्या, एकाला डिस्टेंपर द्या, दुसरा घासूनपुसून लखलखीत ठेवा आणि एकाच खिडकीच्या उजेडात शेजारी मांडा. आधी पांढऱ्या तांब्याचं चित्र काढा, सावलीची हद्द बघून ठेवा, मग तीच हद्द लखलखीत तांब्यावर शोधा. रंगवलेला तांब्या पुन्हा पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नका.

तांबट_आळी
हा प्रयोग मला मान्य, पण त्यात माझाच मुद्दा सिद्ध होतो. दोघांत चार बोटांचं अंतर ठेवा. लखलखीत तांब्याच्या, पांढऱ्या तांब्याकडे असलेल्या बाजूला, त्या शेजाऱ्याची उभी, फिकट गुलाबीसर पट्टी उमटेल, आणि नेमकी सावलीच्या भागात. ती गाळली तर दोन्ही भांडी एकाच टेबलावर ठेवल्यासारखी वाटत नाहीत. पट्टी हायलाइटपेक्षा दोन पायऱ्या गडद ठेवा आणि तिची कड कोरड्या ब्रशने मोडा.