जुन्या पोलिसी होल्स्टरमध्ये रिव्हॉल्व्हर सुरक्षित राहत असे ते कशामुळे?

पंचवटीकर (प्रश्न):
माझे आजोबा नाशिक जिल्ह्यात फौजदार होते. त्यांच्या जुन्या ट्रंकेत पट्ट्यासकट चामड्याचे एक होल्स्टर (रिव्हॉल्व्हर ठेवायचे कमरेचे पाकीट) निघाले. सरकारी रिव्हॉल्व्हर अर्थातच निवृत्तीच्या वेळी जमा झालेले आहे. होल्स्टर तपकिरी आणि जाड असून त्याचे झाकण मुठीचा बराचसा भाग झाकेल एवढे मोठे आहे व ते एका पितळी घुंडीवर अडकते. आत ना आडवी पट्टी, ना स्प्रिंग. अमेरिकी पोलिसांच्या जुन्या छायाचित्रांत मात्र मूठ उघडी आणि हॅमरच्या (काडतुसावर आघात करणाऱ्या दांड्याच्या) मागून घेतलेली चामडी पट्टी दिसते. झटापटीत कोणी हात घातला तर नुसती घुंडी कितपत टिकणार? आणि हे होल्स्टर कोणत्या रिव्हॉल्व्हरसाठी असावे?

निवृत्त आर्मरर:
आपण वर्णन केलेला घाट सॅम ब्राऊन पद्धतीचा आहे. सॅम ब्राऊन या घोडदळातील अधिकाऱ्याचा डावा हात १८५८ मध्ये पिलीभीतजवळच्या चकमकीत खांद्यापासून तुटला. त्यानंतर तलवारीचे म्यान एका हाताने सावरता यावे म्हणून त्याने खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा वापरात आणला आणि पुढे त्याला जोडलेल्या कमरेच्या पट्ट्यावर झाकणाचे होल्स्टरही आले. सांगायचा मुद्दा असा की, हे झाकण हिसकावणाऱ्याला अडवण्यासाठी मुळी नव्हतेच. घोडा उधळला तरी हत्यार पडू नये आणि धूळ व पाऊस आत जाऊ नये, एवढेच त्याचे काम होते.

हिसकावण्याविरुद्धची तजवीज होल्स्टरमध्ये नसून दोरीत होती. वेब्ली व एनफिल्ड या ब्रिटिश बनावटीच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या तळाशी एक कडी असते. तिच्यात लॅनयार्ड (हत्यार अंगाला बांधून ठेवणारी दोरी) अडकवून त्याचे दुसरे टोक गळ्यात किंवा खांद्याभोवती घेतले जाई, आणि हात पूर्ण लांबवून नेम धरता येईल एवढी त्याची लांबी ठेवत. दोरीमुळे हत्यार दुसऱ्याच्या हाती लागणे थांबत नाही, पण ते घेऊन पळणे मात्र थांबते. गळ्यातल्या दोरीला माझा स्वतःचा कायम विरोध होता, कारण झटापटीत समोरचा माणूस तीच ओढू शकतो. खांद्यावरच्या पट्टीखालून घेतलेली दोरी त्या मानाने बरी. म्हणून आपल्या होल्स्टरकडे एकटे पाहू नका, तो निम्माच बंदोबस्त आहे. ट्रंकेत जाड विणीची खाकी किंवा पांढरी दोरी असेल, तर ती टाकून देऊ नका.

रिव्हॉल्व्हरबद्दल सांगायचे तर आतली लांबी मोजा. १९१५ च्या वेब्ली मार्क सहाची नळी ६ इंचांची, तर .३८ बोअरच्या (नळीच्या मापाच्या) वेब्ली मार्क चार आणि एनफिल्ड नंबर दोनची साधारण ५ इंचांची असते, वेब्लीच्या .३८ मध्ये ४ इंची नळीही मिळत असे. चामड्यावर चक्राचा (काडतुसे भरायच्या फिरत्या भागाचा) उठाव कुठे पडला आहे, तेही पाहा. पट्ट्यावर काडतुसांचे कप्पे असतील तर ते नीट तपासा. एखादे काडतूस निघाले तर शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार ते विनापरवाना बाळगता येत नाही, तेव्हा ताबडतोब ठाण्याला कळवा.

जुनी_सामग्री_देवळाली:
अमेरिकेत प्रश्न वेगळा होता, म्हणून उत्तरेही वेगळी निघाली. तेथे हत्यार झटकन बाहेर यावे आणि तरीही दुसऱ्याला काढता येऊ नये, अशा परस्परविरोधी दोन अपेक्षा होत्या. न्यूयॉर्कच्या ऑडली होल्स्टरमध्ये (पेटंट १९१४) झाकणाऐवजी आत धातूची खिट्टी होती. ती ट्रिगरगार्डला (ट्रिगरभोवतीच्या धातूच्या कड्याला) धरून ठेवी आणि तर्जनीने दाबल्यावरच सुटे. पुढे लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शिंपल्यासारखे उघडणारे होल्स्टर वापरले. त्याचे बटण ट्रिगरगार्डच्या आत असे आणि ते दाबताच स्प्रिंगने संपूर्ण पाकीट बाजूला उघडे. युक्ती मोठी चतुर असली तरी मला ती धोक्याची वाटते, कारण हत्यार हातात नीट येण्याआधीच बोट ट्रिगरपाशी पोहोचते. बर्न्स-मार्टिन होल्स्टर पुढच्या बाजूने उघडे असून त्यातील पोलादी स्प्रिंग चक्राला आवळून धरी. रिव्हॉल्व्हर वर न ओढता पुढे ढकलून काढावे लागे, आणि हे ठाऊक नसलेला माणूस वरच ओढत राही.

छायाचित्रांतल्या पट्टीचे बटण आधी वेगळे उघडावे लागे. नंतर ते बटण शरीराच्या बाजूला घेतले गेले आणि मूठ पकडतानाच अंगठ्याने ते सुटू लागले. माझ्या मते साधेपणात या सुधारणेला तोड नाही. एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास संस्थेत काम केलेल्या बिल रॉजर्स यांनी १९७० च्या दशकात तर होल्स्टरची चाचणीच ठरवली: दुसऱ्या माणसाने पाच सेकंद पूर्ण जोर लावूनही हत्यार निघता कामा नये.

पंचवटीकर:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आतली लांबी पाहता हे .३८ चे असावे असे दिसते. दोरी सापडली नाही, पण झाकणाला आतून घासल्याचा गोल डाग आहे. तो बहुधा कडीचाच असेल. आता अडचण अशी की, घुंडी ज्या भोकात बसते त्याची चीर फाटत चालली आहे आणि घुंडीभोवती हिरवा थर जमला आहे. हे दुरुस्त करावे का?

चामडे_आणि_शिवण:
चीर जरूर थांबवावी, पण झाकण कापून नवे भोक पाडू नये. आतल्या बाजूने वनस्पतीच्या सालीने कमावलेल्या पातळ चामड्याचा तुकडा लावून मेणाच्या दोऱ्याने हातशिलाई करून घ्यावी. मशीनची सुई एकमेकांना लागून नवी भोके पाडते आणि जुने चामडे त्याच रेषेत फाटते. हिरवा थर म्हणजे चामड्यातील तेल आणि पितळेतील तांबे यांच्या संयोगाने बनलेला क्षार. तो मऊ लाकडी काडीने खरवडून काढावा. तेल फार लावू नये, कारण चामडे लिबलिबीत होऊन आकार सोडते. नाशिकच्या पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीऐवजी आत सुती कापड भरून हवेशीर कपाटात ठेवावे. पितळ चकाकवण्याचे पॉलिश होल्स्टरवर वापरू नये. ते शिवणीत मुरते आणि त्याचे पांढरे डाग मग निघत नाहीत.