लहान शहरात फाईन डायनिंगचा खरंच भारी अनुभव कोणाला आलाय का?

डोंबिवलीची_लेक
नमस्कार मंडळी, येत्या मार्चमध्ये आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत आणि त्यांना एकदा नीट, निवांत, कोर्स बाय कोर्स जेवण द्यायची माझी खूप इच्छा आहे. मागच्या वर्षी मुंबईतल्या एका नावाजलेल्या ठिकाणी नेलं होतं, जेवण वाईट नव्हतं पण वेटर सगळं माझ्याकडे बघून इंग्रजीत सांगत होता, आईने एकदा विचारलं की यात काय घातलंय तर त्याने उत्तरही मलाच दिलं, आणि ती नंतर पूर्ण वेळ गप्प बसली. मला ते अजून लागतं. म्हणून यावेळी मुंबईबाहेर, एखाद्या लहान शहरात काही असेल तर सांगा. रिसॉर्टचा बुफे नकोय. बाबा माळकरी आहेत, आई मासे खाते. पैसे जरा जास्त गेले तरी चालतील, पण खरंच तेवढं वर्थ असतं का हेही सांगा.

खादाड_परळकर
असतं. आता मोठे शेफही शहर सोडून चाललेत, प्रतीक साधू बघा, महालक्ष्मीच्या शक्ती मिल लेनमधलं 'मास्क' २०१६ साली सुरू करणाऱ्यांपैकी एक, ते सोडून त्यांनी २०२३ मध्ये कसौलीजवळ 'नार' काढलं. नार म्हणजे काश्मिरीत आग. हिमालयातलं जे मिळतं त्यावरच सगळा मेनू. पण आईबाबांना घेऊन तिथवर जाणं म्हणजे मोठा प्रवास, आपल्या कोकणात कोणी सांगेल तर बरं.

गिरगावकरीण
ताई, मी सांगते, जरा लांबेल.

माझ्या आईला तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. आता चालते-बोलते पण उजव्या हाताची पकड गेली, आणि तेव्हापासून ती हॉटेलात यायलाच तयार नसते, सांडलं की लोक बघतात म्हणते. तिचं माहेर सावंतवाडीच्या बाजूचं. गेल्या मार्चमध्ये मामांकडे गेलो होतो तेव्हा मामेभावाने सांगितलं की मोती तलावापासून थोडं आत एका जुन्या कौलारू घरात नवरा-बायको जेवण देतात, १४ खुर्च्या, रात्री एकच पंगत, आधी सांगावं लागतं. आईला कसंबसं तयार केलं.

पहिल्यांदा आली ओल्या काजूची उसळ, एवढीशी, सोबत हातावर मावेल असा घावणा. ओला काजू सोलताना त्याच्या चिकाने हात भाजतात, म्हणून तो बाजारात एवढा महाग असतो, आणि तिथे प्रत्येक गर अख्खा होता, फुटलेला एकही नाही. मग उकड्या तांदळाची पेज आणि त्यात बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं. आमच्या आजोळी पेज म्हणजे शेतावर जायच्या आधीचं सकाळचं खाणं, पाहुण्यांसमोर कोणी ठेवणार नाही. आईने वाटी जवळ घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "तिरफळाची बी काढून टाकल्यानी हां, नायतर कडू लागता." वाढणारी बाई तिथेच थांबली आणि दोघींचं मालवणीत सुरू झालं, कुठल्या झाडाचं, कधी वाळवलं, बांगड्याला लसूण का नाही घालायचा. पाच-सात मिनिटं तरी गेली असतील, आम्ही सगळे नुसते ऐकत होतो.

आणि आता जे सांगायचंय ते हे. पहिला पदार्थ आईने डाव्या हाताने खाल्ला, थोडा सांडलासुद्धा. कोणी काही बोललं नाही, धावत पुसायलाही आलं नाही. पण पुढचा प्रत्येक पदार्थ आला तो खोलगट, जड बुडाच्या वाडग्यात, चमच्याने उचलता येईल असा. बांगड्याचे काटे आधीच काढलेले. वडे-सागोतीतलं कोंबडीचं मांस हाडावरून सोडवलेलं. आणि हे फक्त आईला नाही, आमच्या टेबलावरच्या सहाही जणांना तसंच! बाजूच्या टेबलावर मात्र साधी ताटं होती, ती माझ्या नवऱ्याने उठताना पाहिली, तोपर्यंत आमच्या लक्षातही आलं नव्हतं. आईला तर आम्ही अजून सांगितलेलं नाही.

शेवटी शिरवाळे, लाकडी साच्यातून आमच्यासमोर पाडलेले, गरम, वर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. आईने दुसऱ्यांदा मागून घेतले. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने बाहेर काहीतरी परत मागितलं.

माणशी साधारण अडीच हजार पडले. मला विचाराल तर मी दुप्पटही दिले असते. नाव इथे लिहीत नाही कारण १४ खुर्च्यांचं घर आहे, त्यांना झेपेल तेवढेच लोक जावेत असं मनापासून वाटतं, व्यनि (वैयक्तिक निरोप) करते तुम्हाला.

डोंबिवलीची_लेक
ताई, ऑफिसमध्ये वाचलं आणि डोळे भरून आले. नक्की व्यनि करा. बाबांचं काय पण, ते कांदा-लसूण खातात पण मासे-मटण अजिबात नाही, सगळ्यांना मासे आणि त्यांना पनीर असं नको व्हायला.

गिरगावकरीण
नाही होणार. आमच्यातही एक शाकाहारी होती, माझी जाऊ. तिला पेजेबरोबर कोवळ्या फणसाची भाजी आणि वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं. ते मी तिच्या वाडग्यातून चाखलं आणि खरं सांगते, सागोतीपेक्षा मला तेच जास्त आवडलं, मसाला भाजून पाट्यावर वाटलेला असावा असं दाटपण होतं. फोन करतानाच बाबा माळकरी आहेत हे सांगा, त्यांची भांडीसुद्धा वेगळी ठेवतील. मार्चमध्येच जा, ओला काजू तेव्हाच असतो. जूनमध्ये जाऊन ताज्या माशांची अपेक्षा ठेवू नका, १ जूनपासून मासेमारी बंद असते.

खादाड_परळकर
बिलाचं एक सांगतो, कारण आईबाबांसमोर त्यावरून वाद नको. साध्या स्वतंत्र रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के असतो, मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला, म्हणजे जिथे खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे तिथे, १८ टक्के. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसं सांगितलंय आणि २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. पण गिरगावकरीण ताईंनी लिहिलंय तसं कोणी वाढलं तर वाढणाऱ्या बाईंच्या हातात वेगळे पैसे नक्की ठेवा. मीतर ठेवीन.

जायला तुतारी एक्स्प्रेस बरी, दादरहून रात्री बारा पाचला. तारीख नीट बघा हां, बाराच्या पुढची गाडी म्हणजे दुसऱ्या दिवसाची तारीख, यात खूप लोक फसतात. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा आधीच सांगून ठेवा.

डोंबिवलीची_लेक
फोन केला! त्या ताईच बोलल्या. किती जण, कोण काय खात नाही, कोणाला जिना चढायला त्रास आहे का, सगळं विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, आईंना आवडणारा एखादा पदार्थ सांगा. मी अडकलेच, इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही, ती नेहमी आमच्याच आवडीचं करत आली. उद्या सांगते म्हटलंय. आज रात्री विचारते तिला.