विजेच्या गाड्यांची शर्यत पहिल्यांदा पाहिली. आवाज गेला म्हणजे शर्यत गेली का?

पहिला_गिअर (धागाकर्ता)

११ फेब्रुवारी २०२३ ची हैदराबादची फॉर्म्युला ई शर्यत मी प्रत्यक्ष पाहिली. तेव्हापासून आमच्या मित्रांत जो वाद चालू आहे तो इथे मांडतो.

गुरुवारी रात्री पुण्याहून हुसेनसागर एक्स्प्रेस पकडली आणि शनिवारी त्याच हुसेनसागराच्या काठावर, नेकलेस रोडला आखलेल्या २.८३ किलोमीटरच्या तात्पुरत्या ट्रॅकवर जाऊन बसलो. त्याआधी २०११ ला दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री, म्हणजे एफ-वनची (फॉर्म्युला वनची) शर्यत पाहिली होती. तेव्हाच्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांचा आवाज कानात बोळे घालूनही छातीत घुमायचा. डोक्यात मोजमाप तेच होतं.

पहिली गाडी समोरून गेली आणि माझा पार विरस झाला. मिक्सर रिकामा फिरवल्यावर येतो तसा एक चिरका सूर, बस्स. शेजारी बसलेले काका उठून पाणी आणायला गेले.

पण अर्ध्या तासात कान सरावले आणि इंजिनाच्या आवाजाखाली एरवी जे दबून जातं ते ऐकू यायला लागलं. टायर घसरताना निघणारी किंकाळी, रस्त्याच्या उंचवट्यावर गाडीचं पोट घासल्याचा खरखराट, पुढे निघालेल्या गाडीला शाबासकी देणारी माणसं. हेअरपिनवर, म्हणजे उलट फिरवणाऱ्या तीव्र वळणावर, सॅम बर्ड आपल्याच जॅग्वार संघातल्या मिच इव्हान्सवर आदळला, तेव्हा गर्दीने श्वास रोखलेलासुद्धा कळला. शेवटच्या फेऱ्यांत ज्याँ-एरिक व्हर्न्यकडे मागच्या निक कॅसिडीपेक्षा कमी वीज शिल्लक होती. कॅसिडी दर वळणाला नाक खुपसतोय, व्हर्न्य दरवाजा लावतोय, असं करत त्याने अर्ध्या सेकंदाहून कमी फरकाने शर्यत मारली. मी उभा राहून ओरडत होतो.

माझं म्हणणं एवढंच की या शर्यतीत आवाज शोधू नये. कोणाकडे किती वीज उरली आहे ते बघत शर्यत पाहावी, मग ती उलगडते. तुमचा पहिला अनुभव काय?

व्हीटेन_विसरणार_नाही

असहमत, आणि मनापासून असहमत.

मी २०१४ ला बीजिंगची पहिलीच शर्यत टीव्हीवर पाहिली, कारण महिंद्राच्या गाडीत आपला भारतीय चालक करुण चांडोक होता. अर्ध्या शर्यतीत बॅटरी संपायची म्हणून चालक पिटमध्ये एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढत होते. त्यात फॅनबूस्ट, म्हणजे लोकांनी मतं द्यायची आणि ज्याला जास्त मतं त्याला जादा ताकद! कुस्तीच्या फडात टाळ्या जास्त पडल्या म्हणून एका मल्लाला तिसरा हात देतात का? शेवटच्या वळणावर निकोलस प्रोस्ट आणि निक हाइडफेल्डची टक्कर झाली, हाइडफेल्डची गाडी हवेत उलटली आणि लुकास दि ग्रासी जिंकला. अपघात सोडला तर त्या शर्यतीतलं मला आज काही आठवत नाही.

आवाज म्हणजे वरची सजावट नव्हे. चालक गिअर कधी टाकतो, वळणातून बाहेर पडताना पाय किती दाबतो, हे आम्ही डोळे मिटून ओळखायचो. इंजिन म्हणजे चालकाची बोली होती, ती गेली. आणि "वीज वाचवत चालवणं" याला शर्यत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शर्यत म्हणजे जीव खाऊन पळणं.

ओरेंज_केबल

दोघांचंही वाचलं. मी कॉलेजात असताना विद्यार्थ्यांच्या इलेक्ट्रिक रेस कारवर दोन वर्षं काम केलं, कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला गाडी घेऊन गेलो. पहिल्या वर्षी इन्सुलेशनच्या तपासणीतच अडकलो, गाडी ट्रॅकवर उतरलीच नाही. पावसाळ्यात साठवलेल्या एका कनेक्टरमध्ये ओल धरली होती. चार रात्री आम्ही तो दोष शोधत होतो. म्हणून "मिक्सर" वाचलं की पोटात तुटतं.

व्हीटेनजी, बोली गेलेली नाही, बदलली आहे. हैदराबादला पळालेल्या गाड्यांत पुढे २५० आणि मागे ३५० किलोवॅटपर्यंत ब्रेकची ऊर्जा परत घ्यायची सोय होती. मागच्या चाकांचं रोजचं ब्रेकिंग मोटरच करते, ती उलट जनरेटर होते. शर्यतीत खर्च होणाऱ्या ऊर्जेतली साधारण ४० टक्के अशी वळणावळणावर परत कमावलेली असते. सुरुवातीला बॅटरीत वापरायला मिळते ३८.५ किलोवॅट-तास. पेट्रोलमध्ये मोजली तर जेमतेम सव्वाचार लिटर! तेवढ्यावर तासाला अडीचशेच्या आसपास वेग गाठत, भिंतींच्या मधून, ९० किलोमीटर. चालक वळणाच्या किती आधी पाय उचलतो ते नीट ऐका. मोटरचा सूर तिथे खाली उतरतो, आणि ज्याचा सूर आधी उतरतो तो पुढच्या पाच फेऱ्यांची बेगमी करत असतो.

व्हीटेन_विसरणार_नाही

कनेक्टरच्या चार रात्रींना सलाम. कष्टांबद्दल माझा वाद नाहीच.

पण हिशेब पुरा करू. एफ-वनची शर्यत ३०५ किलोमीटर, ही ९०. मोनॅकोला २०२१ मध्ये जवळपास त्याच रस्त्यावर दोन्ही शर्यती झाल्या. तिथे फॉर्म्युला ईचा सर्वांत वेगवान चालकसुद्धा एफ-वनच्या पोलपेक्षा (शर्यतीत सर्वांत पुढून सुटायची जागा मिळवून देणाऱ्या फेरीच्या वेळेपेक्षा) वीसेक सेकंदांनी मागे होता. एका फेरीत वीस सेकंद!

आणि व्हॅलेन्सिया २०२१ विसरलात? अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार वारंवार आली, आणि त्या वेळेच्या हिशेबाने चालकांना वापरायला मिळणारी ऊर्जा नियमाने कापली गेली. पुढे असलेल्या दा कोस्टा या चालकाने शर्यतीची ठरलेली वेळ संपायच्या काही सेकंद आधी रेषा ओलांडल्यामुळे एक फेरी वाढली, आणि मग एकामागून एक गाड्या वीज संपून रांगत राहिल्या. पोलवरून निघालेला माणूस हातातली शर्यत गमावतो, तीही नियम पाळून. त्या दिवशी टीव्ही बंद करताना मला राग आला नाही, वाईट वाटलं. चालकांसाठी वाईट वाटलं.

पहिला_गिअर

व्हॅलेन्सियाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. तो नियम चुकला, त्याचं समर्थन मी करणार नाही. बीजिंगचंही मान्य. पण दुसरी बाजूही लक्षात घ्या: गाडी बदलणं २०१८ च्या नव्या गाडीपासून बंद झालं, फॅनबूस्ट मी हैदराबादला गेलो त्याच हंगामापासून गेलं. तुम्ही ज्या खेळाला नाकारलं तो २०१४ चा होता. माणूस पोराला पहिलीतल्या गुणपत्रिकेवरून तोलतो का?

मोनॅकोच्या वीस सेकंदांचं मात्र मला काही वाटत नाही. मोटोजीपी ही मोटरसायकलींची शर्यतही एफ-वनपेक्षा हळू आहे, म्हणून कोणी ती पाहायची सोडत नाही.

कोळशाचा_गाव

चंद्रपूरहून लिहितोय. आमच्याकडे २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख दिसते. म्हणून विजेच्या शर्यतींना लावले जाणारे "स्वच्छ शर्यत" हे शब्द माझ्या घशाखाली सहजी उतरत नाहीत. शर्यत ऐका, बघा, खुशाल बघा, पण वीज कुठून येते हेही याच धाग्यात लिहिलं पाहिजे असं मला वाटतं.

ओरेंज_केबल

अगदी लिहिलं पाहिजे. बीजिंगच्या वेळी गाड्या चार्ज करायला ग्लिसरीनवर चालणारे जनरेटर होते, शहराच्या वीजजाळ्यावर भार टाकला नव्हता. पण चार गाड्यांच्या चार्जिंगचा प्रश्न सुटला म्हणून चंद्रपूरची राख कमी होत नाही, हे तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही. माझी आशा एवढीच की शर्यतीत तयार होणारी इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणाऱ्या यंत्राची) आणि बॅटरी थंड ठेवायची विद्या रस्त्यावरच्या गाड्यांत उतरते आणि एका युनिटमध्ये गाडी जास्त पळते.

आणि एक खंत. महिंद्राचा संघ पहिल्या हंगामापासून आहे, २०१७ ला बर्लिनमध्ये त्यांचा चालक रोझेनक्विस्टने त्यांना पहिला विजय मिळवून दिला, मी रडलो होतो. पण कारखाना इंग्लंडात, बॅनबरीला. माझ्यासारख्या पोरांना त्या गाडीचा एक बोल्ट आवळायची संधी इथे मिळाली असती तर!

दुसऱ्या_रांगेतली_आई

मला तांत्रिक काही येत नाही. मीही हैदराबादला होते, आठ वर्षांच्या मुलीला घेऊन. २०११ ला बुद्धला नवरा एकटा गेला होता, मुलांना नेण्याजोगा तो आवाज नव्हता. या वेळी मुलगी पूर्ण वेळ माझ्याशी बोलत होती. "आई, तो निळा मागून येतोय बघ." इंजिनाचं गुरगुरणं असतं तर ते वाक्य मला ऐकूच आलं नसतं. तिने परतताना गाडीत डाव्या-उजव्या हातांनी वळणं घेत पूर्ण ट्रॅक सांगितला.

२०२४ ची शर्यत रद्द झाल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती जेवली नाही. बुद्धला तीनच वर्षं एफ-वन आली, करमणूक कराच्या भांडणात गेली. हैदराबादला तर एकच शर्यत झाली आणि सरकार बदलल्यावर पुढची गेली. आवाजावर भांडताय ते ठीक, पण आपल्या देशात शर्यत टिकतच नाही याचा राग कोणाला येत नाही का?

व्हीटेन_विसरणार_नाही

ताई, येतो. खूप येतो. बुद्धच्या तिन्ही वर्षी मी गेलो होतो, तिन्ही वेळा फेटेल जिंकला आणि तिन्ही वेळा परतीच्या बसमध्ये पुढच्या वर्षीचे बेत ठरले होते. चौथं वर्ष आलंच नाही.

मत माझं बदललेलं नाही. इंजिनाशिवाय मला चुकल्याचुकल्यासारखं होतं आणि होत राहील. पण ओरेंज_केबल, सूर आधी उतरतो तो बेगमी करतो म्हणालात ना, ते मी कधी ऐकलंच नव्हतं. हैदराबादची पूर्ण शर्यत रात्री हेडफोन लावून पाहतो. शेवटच्या दहा फेऱ्यांत व्हर्न्यचा पाय कुठल्या वळणाआधी उचलला जातो ते मला फेरीनुसार सांगाल का? मी वही घेऊन बसतो.

ओरेंज_केबल

सांगतो. शेवटच्या दहापासून सुरू करू नका, हेअरपिनवरची टक्कर होते तिथून पाहा. तिथून पुढे दोघांच्या शिल्लक टक्क्यांचे आकडे दर फेरीला वहीत लिहीत जा. उद्या रात्री आपण दोघांच्या वह्या जुळवू.